दादाची दोनशे अकरा बटणं

४ मार्च, मंगळवार

दुपारी वहिनीचा फोन. "भावजी, ह्यांचा टॅब फार रखडतोय हो. हे बटण दाबतात आणि आवाज दोन सेकंदांनी येतो. दोन सेकंदांत गाडी कुठल्या कुठे जाते. तुम्ही त्यातले, जरा बघता का?"

मी 'त्यातला' आहे हा आमच्या घरातला जुना गैरसमज. मी दर रविवारी पुरवणीत 'टाचणी' नावाचं सदर लिहितो. त्यात वर्षातून चारदा मोबाईल न येणाऱ्यांची टर उडवतो. त्यावरून लोकांनी ठरवून टाकलं की मला तो येतो. हा समज दूर करण्याची घाई मीही कधी केली नाही.

संध्याकाळी टॅब घेऊन आलो. देताना दादाने तो दोन्ही हातांनी दिला, तान्हं मूल देतात तसा. मग एका बटणावर बोट ठेवलं. त्यातून त्याचाच जुना, भरदार आवाज आला, दोन सेकंद उशिरा: "शहाण्या, जेवून जा."

शहाण्या म्हणजे मी. वय बावन्न. पाच वर्षं मी गेलो की तो हेच बटण दाबतो आणि पाच वर्षं मी म्हणतो, "नको, घरी वाट बघतायत." आजही तेच म्हणालो.

'टाचणी'ला कधी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. दादा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. एकतीस वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. हातात नऊ दिवस होते. तेव्हा मी हे ॲप शोधून माझ्या खात्यातून विकत घेतलं. रंगीत चौकोनी बटणं, आणि प्रत्येकात आपल्या आवाजातलं एकेक वाक्य भरून ठेवायचं. बोट ठेवलं की वाक्य सुरू, उचललं की गप्प. दादा ते नऊ दिवस शिकवायच्या गाडीत काचा लावून बसला. घरातली सगळ्यांत शांत खोली तीच. दोनशे अकरा बटणं भरली आणि दहाव्या दिवशी ऑपरेशनला गेला.

तेव्हापासून टॅब डॅशबोर्डवर लावून शिकवतो. "क्लच. डावीकडचा. तुझा दुसरा डावा." "आरशात केस नाही, मागची गाडी बघायची." आणि कोणी कुठे धडकलंच तर ते प्रसिद्ध वाक्य: "लागलं का कुणाला? नाही ना? मग गाडी सुरू कर." अख्खं गाव या बटणांवर गाडी शिकलंय.


५ मार्च, बुधवार

जे झालं ते इथे सरळ लिहितो. उद्यापासून मी ते वाकडं सांगणार आहे, हे मला आत्ताच दिसतंय.

सकाळी चहा घेत टॅब उघडला. ॲप काढून पुन्हा टाकलं की ताजंतवानं होतं, या एका ज्ञानावर मी आजवर तीन शेजाऱ्यांची वाहवा मिळवलीय. चित्रावर बोट दाबून धरलं. एक चौकट आली. तीत चार ओळी होत्या. मी 'हो' दाबलं.

मग टॅबमधल्या दुकानात गेलो. ॲप नाही. स्पेलिंग बदलून पाहिलं. नाही. 'तुमची खरेदी' अशी यादी असते, तिथे नाव सापडलं, पण राखाडी अक्षरांत, आणि पुढे उतरवून घ्यायचा बाण नाही. दाबल्यावर उत्तर आलं: ही वस्तू आता उपलब्ध नाही. अकरा वेळा दाबलं. अकराही वेळा तितक्याच सभ्यपणे नाही म्हणालं.

पैसे भरून घेतलेली वस्तू. माझ्या नावावर. आणि मी तिच्या नावाकडे काचेतून बघतोय.

त्या चौकटीत काय लिहिलं होतं ते बघावं म्हणून दुसरं एक ॲप काढायला घेतलं. "यातील सर्व माहितीही पुसली जाईल. ही क्रिया मागे घेता येणार नाही." वाचता वाचता सवयीने 'हो' दाबलं. ते हवामानाचं होतं. ते मात्र लगेच परत मिळालं. उद्या ऊन आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एक 'टाचणी' लिहिली होती, न वाचता 'मान्य' म्हणणाऱ्यांवर. शेवटचं वाक्य होतं, "अशा माणसांच्या हाती काडेपेटीही देऊ नये." त्या लेखाची फार वाखाणणी झाली.


६ मार्च, गुरुवार

सांगितलं.

दादाचं ऑफिस म्हणजे घराच्या पुढची खोली. भिंतीवर रस्त्यांच्या खुणांचा तक्ता, टेबलावर अर्धा कापलेला गिअरबॉक्स, शेजारी पांढरी पाटी आणि मार्कर. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "कंपनीने काढून घेतलं दादा. दुकानातही नाही आता. आपण काही करू शकत नाही."

तीन वाक्यं. दुसरं खरं, तिसरं जवळपास खरं.

दादाने टॅब हातात घेतला. एक पान सरकवलं, दुसरं, तिसरं. मग बाहीने काच पुसली, जणू धुळीमुळे दिसत नसावं. पाटीवर लिहिलं, "कधी?"

"काल. आपोआप."

पुसून लिहिलं, "तू काही केलंस?"

"मी? मी नुसतं उघडलं."

त्याने मान हलवली. वहिनी दारातच होती. तिच्या नावाचंही एक बटण त्यात होतं. त्यात काय होतं ते मला ठाऊक नाही. ती टॅब घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि दार लोटून ऐकायची. तिने विचारलं, "सगळंच गेलं का हो भावजी?" मी कंपनीला दोन शिव्या हासडल्या. शिव्या मनापासून होत्या. कोणाला होत्या, ते राहू दे.

निघताना दादाचं बोट सवयीने टॅबच्या डाव्या कोपऱ्यात गेलं. तिथे नुसती काच होती.

दादा माझ्यावर विश्वास ठेवतो, हे त्याचं जुनंच. एकतीस वर्षांपूर्वी, त्याने पहिली गाडी घेतली तेव्हा पहिला शिकाऊ मीच होतो. तिसऱ्या दिवशी गाडी फाटकाशेजारच्या भिंतीवर नेऊन आदळली. घाबरून ॲक्सिलरेटरच दाबला होता. पण तोंडातून निघालं, "ब्रेकच लागला नाही दादा!" त्याने तेव्हाही अशीच मान हलवली. गाडी मेकॅनिककडे नेली, दोन तासांनी दिवा बदलून परत आणली आणि एक अक्षर बोलला नाही. ब्रेकमध्ये खरंच काही सापडलं असणार. नाहीतर दादाच्या तोंडातून मी असा सुटतो का? तेव्हा त्याला तोंड होतं. त्यानंतर मी गाडी शिकलो नाही. सांगतो लोकांना, की तत्त्व म्हणून.


९ मार्च, रविवार

वहिनीचा फोन. "हे काल मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे टॅब घेऊन गेले होते. अर्धा तास आत होते. काय म्हणाला विचारलं, तर पाटीवर लिहिलं, 'काही होण्यासारखं नाही.' तेवढंच."

हायसं वाटलं. चला, तज्ज्ञानेही दुजोरा दिला.


११ मार्च, मंगळवार

दादाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून आलो. मदत म्हणून. मी नवं ॲप आणून दिलं होतं ना, टाइप केलं की बोलणारं! भरपाई म्हणून, असं मनात म्हणालो. मोठ्याने 'प्रगती' म्हणालो.

शिकाऊ होती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालते, पण तिसऱ्या गिअरला हात लावायला घाबरते. नवं ॲप बाईच्या आवाजात बोलतं, आणि अत्यंत सुसंस्कृत. वळणावर दादाने बटण दाबलं. "कृपया… आता… ब्रेक… दाबावा," असं ती बाई म्हणेपर्यंत वळण मागे गेलं होतं.

"ही कोण बाई?" डॉक्टरीण म्हणाली. "मला माझे सर हवेत. सर ओरडायचे तेव्हा पाय आपोआप जायचा. हिचं ऐकून मला फॉर्म भरावासा वाटतो."

मग दादाने ते बंद केलं आणि टाळ्या ठरवल्या. एक टाळी म्हणजे ब्रेक. दोन टाळ्या म्हणजे गाडी बाजूला घे आणि थांब. बाकी पाटीवर. पण पाटी वाचायची तर रस्त्यावरून नजर काढावी लागते. चौथ्या मिनिटाला तिने नजर काढली आणि गाडी कचराकुंडीला जाऊन टेकली. दादाकडे जादा ब्रेक असतो म्हणून टेकली, नाहीतर आत गेलो असतो.

अशा वेळी जे वाक्य यायचं त्याची आम्ही तिघंही वाट बघत होतो. डॉक्टरीणच शेवटी हळूच म्हणाली, "लागलं का कुणाला?" आणि रडायला लागली.

दादा खाली उतरून बंपर बघत होता. बराच वेळ बघत होता. बंपरला काही झालं नव्हतं.


१३ मार्च, गुरुवार

दादाने फाटकावर कागद लावलाय: "काही दिवस वर्ग बंद." खाली सही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा कागद लावला नव्हता. चौथ्या आठवड्यात गळ्याला पट्टी बांधून गाडीत बसला होता.

घरी येऊन एका बैठकीत 'टाचणी' लिहिली. ॲपची दुकानं, विकलेली वस्तू फळीवरून गायब करणं, मुक्या माणसाचा आवाज काढून घेणारी पळपुटी कंपनी. राग अस्सल होता. पत्ता तेवढा चुकीचा.


१६ मार्च, रविवार

अशी 'टाचणी' गेल्या दहा वर्षांत जमली नव्हती. सकाळपासून फोन थांबत नाही. "दुकानदार घरात शिरून कपाटातला सदरा काढून नेत नाही, हे नेतात" हे वाक्य लोक मलाच वाचून दाखवतायत.

बायकोने दोनदा वाचलं. "छान आहे. पण हे काय, 'एका सकाळी उघडून पाहतो तो काय, आवाज नाहीसा'? उघडून कोणी पाहिलं?"

"लेखनाची पद्धत असते ती."

"टॅब तर तेव्हा आपल्याकडे होता."

"तेच ते."

"बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' हे फार धारदार हत्यार आहे. ते तिने म्यानातून अर्धंच काढलं.

संध्याकाळी दादाकडे गेलो. वहिनीने कात्रण कापून ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली लावलंय. दादाने पाटीवर लिहिलं, "लेख चांगला. एक वाक्य सोडून सगळं पटलं." कुठलं वाक्य, ते विचारणार होतो; पण त्याची पाटी भरली होती आणि मला घाई होती.


१९ मार्च, बुधवार

सत्तरएक पत्रं आली. एकाने आयुष्यभर जमवलेल्या शब्दांचं ॲप होतं, गेलं. एका आजीचं पत्त्यांच्या डावाचं ॲप गेलं, त्यात नवऱ्याचे जिंकलेले डाव मोजून ठेवलेले होते. तो नाही आता. एकीने लिहिलंय, "तुम्ही आमच्या वतीने बोललात. तुमच्यासारखी सच्ची माणसं हवीत."

'सच्ची' शब्दापाशी पत्र घडी घालून ठेवलं. वाचनालयाने शनिवारी भाषणाला बोलावलंय. नाही म्हणणार होतो. हो म्हणालो.


२२ मार्च, शनिवार

वाचनालयाचा हॉल भरला होता. मागे उभे होते लोक. दादा आणि वहिनी पहिल्या रांगेत, पाहुणे म्हणून. त्याला फूल दिलं, आवाज गेलेला माणूस म्हणून. हे मी जुळवून आणलेलं.

बोललो. हशे घेतले. शेवटी एका मुलीने विचारलं, "तुमच्या भावाला आता काय वाटतं?" दादा पाटी उचलत होता. मला दिसलं. पण मी माईकवर होतो. म्हणालो, "माझ्या भावाला वाटतं की त्याने आवाज विकत घेतला होता, कंपनीला वाटतं की भाड्याने दिला होता. आता भाडेकरू बोलणार कशाने?"

टाळ्यांचा कडकडाट. पहिल्या रांगेत दादानेही वाजवल्या. दोन. दोन वाजवून हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिला. दमला असेल बिचारा. तासभर बसून होता.

पाटी त्याने उपडी करून ठेवली होती. काय लिहिलं होतं कोण जाणे.


२५ मार्च, मंगळवार

वर्तमानपत्राच्या पत्त्यावर आलेलं एक पत्र. पूर्ण उतरवतो. शिक्षा म्हणून.

"महोदय, ज्या पळपुट्या कंपनीबद्दल आपण लिहिलंत ती मी. कंपनी म्हणजे मी, माझं जेवणाचं टेबल आणि एक टेबलफॅन. ते ॲप मी एकटीने केलं, वडिलांची वाचा गेली तेव्हा. दुकानात राहायचं तर दरवर्षी नव्या यंत्रांसाठी ते बदलावं लागतं. पुढे आई अंथरुणावर होती, दोन वर्षं मला जमलं नाही, आणि दुकानाने ते फळीवरून काढलं. चूक माझी, शिव्या मान्य.

"पण एक दुरुस्ती. दुकान आपली फळी रिकामी करतं. या ॲपच्या बाबतीत तरी लोकांच्या टॅबला त्याने हात लावलेला नाही. ज्यांनी ते ठेवलं त्यांच्याकडे आजही चालतं. माझ्याकडेही चालतं. आपल्या भावाच्या टॅबमधून ते कोणीतरी काढलं. हे आपल्याला ठाऊक नसेल, म्हणून कळवते.

"दुसरं, दर रविवारी ते ॲप सगळे आवाज एका फाइलमध्ये बांधून खरेदी करणाऱ्याला मेलने पाठवतं. ती पत्रं शोधा. शेवटचं मिळालं तरी दोनशे अकराच्या दोनशे अकरा वाक्यं परत देईन."

'आपल्याला ठाऊक नसेल.' आजवर इतक्या लोकांना टोचलं, पण इतकी बारीक टाचणी मला कधी लावता आली नाही. आणि बाईने ती सद्भावनेने लावलीय.


२६ मार्च, बुधवार

खरेदी करणारा मी. मेल माझा. सकाळपासून शोधतोय. एकही पत्र नाही.

दुपारी आठवलं. आठवलं तेव्हा मी जिन्यात होतो, तिथेच पायरीवर बसलो.

पाच वर्षांपूर्वी एक 'टाचणी' लिहिली होती: 'यंत्राची प्रेमपत्रं.' "दर रविवारी मला एक यंत्र पत्र लिहितं. सोबत काहीतरी गाठोडं असतं. मी उघडत नाही, तरी त्याची माया आटत नाही." दर रविवारी नव्हे, एकच आलं होतं. ती लेखकाची सूट. ते एक पत्र नमुना म्हणून संपादकांना पाठवलं, मग खाली बारीक अक्षरांत 'ही पत्रं बंद करा' होतं, ते दाबलं, आणि त्याचा किस्सा लेखात शेवटी घातला. लोक हसले होते.

तो रविवार दादाच्या नऊ दिवसांतला होता. मी बाहेर विनोद करत होतो आणि दादा काचा लावून गाडीत बोलत होता.


२७ मार्च, गुरुवार

संपादकांकडे ते पत्र आहे! "माझ्याकडे सगळं असतं," ते म्हणाले. "तुझे परत केलेले लेखसुद्धा. कशाला हवंय?"

"जुनं काम आहे."

बघा, पुन्हा. सरळ सांगायला पाच शब्द लागले असते. जीभ वाकडी वळायला जागा शोधतच असते. माझी तर धडधाकट आहे.

फाइल बाईंकडे पाठवली. सोबत लिहिलं, "ॲप मी काढलं. पत्रंही मीच बंद केली." अनोळखी माणसाला खरं सांगणं सोपं जातं, हे कळलं. संध्याकाळी उत्तर आलं: फाइलमध्ये अडतीस आवाज आहेत. त्या रविवारपर्यंत तेवढेच भरले होते. सगळे 'गाडी' या रांगेतले. "माझ्याकडे एक जुना टॅब आहे. त्यावर ॲप आहे, कारण मी ते काढलेलं नाही. त्यात अडतीस घालून पाठवते."

अडतीस. म्हणजे दादा शिकवू शकेल. 'घर' आणि 'माणसं' या रांगा त्याने नंतर भरल्या होत्या. वहिनीचं बटण नाही. 'शहाण्या, जेवून जा' नाही.


३० मार्च, रविवार

जाहीर कबुली द्यायची ठरवलं. पुढच्या रविवारची 'टाचणी', स्वतःलाच. सकाळपासून चार मसुदे. चौथा खरंच उतरला होता. सुरुवात अशी: "या सदराने आजवर अनेक फुगे फोडले, आज सर्वांत मोठा सापडला, तो आरशात." बायकोला वाचून दाखवला.

तिने पूर्ण ऐकला. मग म्हणाली, "दादांना सांगितलंस?"

"वाचतीलच ना ते."

"म्हणजे आधी गावाला, मग भावाला." तिने कागद माझ्या हातातून घेतला. "तीन ठिकाणी खोडून चांगला शब्द घातलायस. याच्यावरही टाळ्या हव्यात का रे तुला?"

मी म्हणालो, "मला लाज वाटतेय, दिसत नाही का?"

"दिसतेय ना. छान मांडलीयस." आता हत्यार पूर्ण बाहेर होतं. "आणि मला पाच तारखेलाच कळलं होतं. सकाळी टॅब हातात धरून तू 'अरे, अरे, अरे' म्हणत होतास. पंचवीस दिवस मी वाट बघतेय."

मसुदा फाडला. चौथाही. चौथा फाडताना वाईट वाटलं, हे लिहून ठेवायला हवं.


२ एप्रिल, बुधवार

टॅब आला. कडेला तडा आहे, पाठीला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला. माझ्याच पुरवणीचा. मुद्दाम नसावं.

चालू केला. अडतीस चौकोन. एकावर बोट ठेवलं. "ब्रेक! …आता श्वास घे."

बायको आतून धावत आली. दुसरं बटण दाबायचा मला धीर झाला नाही. जे माझं नाही ते पुन्हा हाताळू नये, एवढं तरी शिकलो.


३ एप्रिल, गुरुवार

सकाळी गेलो. फाटकावर अजून तो कागद. दादा गाडी धूत होता. रोज धुतो म्हणे, कुठे नेत नसला तरी. मी म्हणालो, "दादा, आत बसू या का? गाडीत."

त्याने हात पुसले आणि मला चालकाच्या बाजूचं दार उघडून दिलं. स्वतः शेजारी बसला, जादा ब्रेकवर पाय ठेवून. सवयच ती. काचा वर केल्या. हीच ती शांत खोली.

वाटेत मी एक मांडणी केली होती. आधी बाईंचं पत्र, मग टॅब, मग मधेच हळूच ते. म्हणजे हातात काहीतरी देऊन मग सांगायचं. तोंड उघडलं आणि मांडणी गेली.

"दादा, ॲप कंपनीने नाही काढलं. मी काढलं. न वाचता 'हो' दाबलं. मग तुझ्याशी खोटं बोललो. मग पेपरात खोटं लिहिलं. दर रविवारी तुझा आवाज माझ्याकडे येणार होता, तेही मी बंद केलं होतं, पाच वर्षांपूर्वीच, थट्टा म्हणून. आता अडतीस वाक्यं मिळालीत. बाकीची गेली. कायमची. वहिनीचंही गेलं."

कुठेही विनोद आला नाही. हे मी नंतर मोजलं, माझी सवय.

दादा समोर बघत होता. फाटकाशेजारची भिंत समोरच आहे. मग त्याने दाराच्या खणातून पाटी काढली आणि सावकाश लिहिलं. माझ्याकडे वळवली.

"ब्रेक तेव्हाही ठीक होता."

वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मेकॅनिककडचे ते दोन तास दिसले, आणि दुरुस्तीवाल्याकडचा अर्धा तास. पटलं नाही ते एक वाक्य. वाचनालयातल्या दोन टाळ्या: बाजूला घे आणि थांब. मी थांबलो नव्हतो. एकतीस वर्षं मी समजत होतो की याला फसवलं. हा शेजारी बसून, पाय ब्रेकवर ठेवून, मी कधी दाबतोय याची वाट बघत होता.

"तू बोलला का नाहीस?" मी विचारलं. आवाज गेलेल्या माणसाला. विचारून झाल्यावर कळलं काय विचारलं ते.

दादाने खांदे उडवले. टॅब माझ्या मांडीवरून उचलला, कडेच्या तड्यावरून अंगठा फिरवला. चौकोन बघत गेला, एकेक, ओळखीचे लोक बघावेत तसा. खालच्या रांगेतल्या एकावर बोट ठेवलं. गाडीभर त्याचा आवाज झाला:

"लागलं का कुणाला?"

आणि तिथेच त्याने बोट उचललं.

मी पुढच्या शब्दांची वाट बघितली. ते सगळ्यांना मिळालेत. कचराकुंडी, सायकल, दूधवाल्याची गाडी, कशालाही धडकलेल्या प्रत्येकाला. दादा माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हणालो. "लागलं."

त्याने मान हलवली. मग काचेतून घराकडे बोट दाखवलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत वहिनी उभी होती. आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. हातातलं फडकं तसंच छातीशी धरून ती गाडीकडे बघत होती.

मी दार उघडून उतरलो, तिलाही सांगायला. वाक्याचा उरलेला अर्धा भाग दादाने मागे गाडीतच ठेवला, बोटाखाली.